वीस वर्षं की वीस वर्षांपासून

इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावासाठी मी केस नोट्सवरून, म्हणजे पेशंटच्या तुटक नोंदींवरून, एक पत्र लिहिलं होतं. नोट्समधला पेशंट वीस वर्षांपासून सिगारेट ओढत होता, ॲडमिट झाला त्या दिवशीही ओढत होता. माझ्या पत्रातल्या पेशंटची सिगारेट मात्र कधीचीच सुटली होती. मला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून हातात धरला आणि विचारलं, "यानं सिगारेट सोडली कधी गं?"

"सोडली नाही सर. अजून ओढतोय."

"मग तू असं का लिहिलंस? 'ही स्मोक्ड फॉर ट्वेंटी इयर्स.' म्हणजे ओढली वीस वर्षं, आता विषय संपला. तिकडचा डॉक्टर हे वाचून त्याला सिगारेटबद्दल एक अक्षर विचारणार नाही."

मी वही पुढे ओढून घेतली आणि 'ही'च्या पुढे 'हॅज' घातलं. तीन अक्षरांचा तो इंग्रजी शब्द. तो घातला की माणूस अजून ओढतोय, काढला की सुटली. पाचवीपासून बारावीपर्यंत आणि पुढे नर्सिंगच्या तीन वर्षांत प्रेझेंट परफेक्ट मी किती वेळा पाठ केला असेल! पण त्याच्या असण्या-नसण्यानं एका माणसाच्या फुफ्फुसांची हकिकत बदलते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सर पुढे म्हणाले, "आता मराठीत सांग. दोन्ही वाक्यं." मी सांगितलं, 'त्यानं वीस वर्षं सिगारेट ओढली' आणि 'तो वीस वर्षांपासून सिगारेट ओढतोय'. "बघ, तुला फरक माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. फक्त इंग्रजी लिहिताना तू तो बाहेर चप्पल काढून ठेवल्यासारखा ठेवून येतेस."

ही गोष्ट 2022 च्या पावसाळ्यातली. मी तेव्हा मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स होते. माझं गाव जत तालुक्यात, शाळा जिल्हा परिषदेची. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं तेव्हा मी तिसरीत गेले होते, त्यामुळे आमच्या वर्गाला एबीसीडी पाचवीतच भेटली. पुढे जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, पण शिकवणं आणि समजून घेणं सगळं मराठीत. टॅकिकार्डिया, सेप्सिस, ट्रेकिऑस्टॉमी हे शब्द माझ्या तोंडात मिरची-मिठासारखे होते. शाळेतलं व्याकरणही येत होतं. कर्तरी वाक्य दिलं की कर्मणी करून देईन, डिग्री बदलून देईन, क्वेश्चन टॅग लावून देईन. एका पेशंटला काल काय झालं ते आठ ओळींत नीट लिही म्हटलं की हात थांबायचा.

इंग्लंडला नर्स म्हणून जायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, हे मला आमच्या आयसीयूतल्या केरळच्या सिस्टरनं सांगितलं. तिच्या दोन बहिणी तिकडे होत्या. परीक्षेचं नाव ओईटी. आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी खास काढलेली, त्यामुळे ऐकण्या-वाचण्यात हॉस्पिटलचेच विषय येतात. ऐकणं, वाचणं, बोलणं आणि लिहिणं असे चार भाग, प्रत्येकाला 500 पैकी गुण. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला पहिल्या तिन्हींत 350 लागतात, लिहिण्याला 300 चालतात. लेखनाला 45 मिनिटं. पहिली पाच फक्त केस नोट्स वाचायची, तेव्हा पेन उचलायचं नाही. उरलेल्या चाळीसात त्या तुटक नोंदींवरून एक पत्र लिहायचं, साधारण 180 ते 200 शब्दांचं, कधी डॉक्टरला, कधी घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला, कधी फिजिओथेरपिस्टला.

फी तीस हजारांच्या वर. मी एक क्लास लावला. तिथं आम्हाला सात-आठ पत्रं पाठ करायला दिली आणि सांगितलं, नाव-गाव बदला, बाकी तेच लिहा. मी मनापासून पाठ केली. नाइट ड्युटीला पहाटे चारच्या राउंडनंतर जिन्यात बसून म्हणायचे. एप्रिलमध्ये परीक्षा दिली. ऐकणं 370, वाचणं 360, बोलणं 350, लेखन 280. वीस गुणांनी गेलं. त्या क्लासबद्दल मला आजही वाईट वाटतं ते पैशांसाठी नाही. आमच्यातल्या कितीतरी मुली हुशार होत्या, रात्रभर पेशंट सांभाळून दुपारी क्लासला येत होत्या, आणि त्यांना कुणी एकदाही सांगितलं नाही की पत्र हे कुणीतरी वाचणार आहे.

सर मला भेटले ते आयसीयूच्या दारात. हायस्कूलला तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आमच्याकडे अकरा दिवस होत्या. भेटीची वेळ होईपर्यंत ते बाहेर बाकावर बसून असायचे आणि समोरच्या पाटीकडे बघत राहायचे. 'व्हिजिटर्स नॉट अलाउड' अशी पाटी, त्यात 'व्हिजिटर' आणि 'एस'च्या मध्ये वर एक चिन्ह. सातव्या-आठव्या दिवशी काकूंना जरा बरं वाटलं तेव्हा सरांनी मला हळूच विचारलं, "सिस्टर, तो अपॉस्ट्रॉफी तिथं कशासाठी आहे?" मला उत्तर देता आलं नाही. काकू घरी गेल्यावर निकाल लागला, आणि मी एका रविवारी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेले.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. अट घातली ती अशी: रोज ड्युटी संपली की त्या दिवशीच्या एका पेशंटची हकिकत आधी मराठीत लिहायची, नाव न घालता, सात-आठ ओळी. मग तीच इंग्रजीत. मराठी डाव्या पानावर, इंग्रजी उजव्या. आठवड्यातून दोनदा वही आणायची. चुकेवर ते लाल पेनानं फक्त एक अक्षर लिहायचे. काळ चुकला की 'का', उपपद चुकलं की 'उ', शब्दयोगी अव्यय चुकलं की 'श', विरामचिन्ह चुकलं की 'वि'. बरोबर काय ते सांगायचे नाहीत, मीच शोधायचं. पहिल्या आठवड्याच्या पानांवर मी ती लाल अक्षरं मोजली होती. एकसष्ट भरली. त्यात 'उ' सगळ्यांत जास्त.

उपपद म्हणजे अ, ॲन आणि द. मराठीत ही भानगडच नाही, म्हणून आपण एकतर ते गाळतो, नाहीतर घाबरून सगळीकडे 'द' ठेवतो. सरांनी मला नियमांची यादी दिली नाही. म्हणाले, "हे एक आहे, दोन आहेत, असं म्हणता येतं का बघ." पेशंटला फ्रॅक्चर झालं. दोन फ्रॅक्चर होऊ शकतात, मग 'अ फ्रॅक्चर'. झटका दोनदा येऊ शकतो, 'अ स्ट्रोक'. पण दोन डायबिटीस होत नाहीत, दोन न्यूमोनिया म्हणत नाही, म्हणून तिथं काही नाही. 'द' कुठे? ज्याच्याबद्दल बोलतोय ते दोघांनाही ठाऊक असेल तिथं. पत्रात आधी एकदा 'अ वूंड' म्हणून जखमेची ओळख करून दिली, की पुढच्या वाक्यात तीच 'द वूंड'. आपण मराठीत 'ती जखम' म्हणू किंवा नुसतं 'जखम' म्हणू, आपलं दोन्हीनं भागतं.

आणि अ की ॲन, यासाठी तर आपली लिपीच उपयोगी पडली. शाळेत मला 'ए, ई, आय, ओ, यू'च्या आधी ॲन असं शिकवलं होतं, आणि मी वर्षानुवर्षं 'ॲन यूटीआय' आणि 'अ एमआरआय' लिहीत होते. सर म्हणाले, शब्द देवनागरीत लिही आणि पहिलं अक्षर बघ. एमआरआय, 'ए', स्वर, म्हणून ॲन. एक्स-रे, ईसीजी, आयव्ही लाइन, सगळ्यांना स्वर, सगळ्यांना ॲन. यूटीआय लिहिलं की सुरुवातीला 'य' येतो, तो व्यंजन, म्हणून अ. अवर म्हणजे तास, इंग्रजीत एचनं सुरू होतो, पण कानाला 'अ' येतो, म्हणून ॲन. इंग्रज मुलाला हे कानानं ओळखावं लागतं. आपल्याला ते डोळ्यांना दिसतं. मी त्या रात्री आयसीयूतल्या प्रत्येक तपासणीचं नाव मनात देवनागरीत लिहून बघितलं. एकही चुकलं नाही.

असंच 'सिन्स' आणि 'फॉर'चं. दोघांनाही आपल्याकडे 'पासून'. सोमवारपासून ताप, तीन दिवसांपासून ताप. मी दोन्हीकडे 'सिन्स' लावायचे. सरांनी विचारलं, "तीन दिवस झाले ताप आहे, असं म्हणशील?" म्हणेन. "सोमवार झाले ताप आहे, असं?" नाही म्हणणार. "मग ज्याला 'झाले' लागतं त्याला फॉर, ज्याला लागत नाही त्याला सिन्स." दोन वर्षं झाली, फॉर. 2015 झालं असं कुणी म्हणत नाही, सिन्स. ही खूण मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नव्हती. आज इथे इंग्लंडला आलेल्या आपल्याकडच्या मुलींना मी हीच सांगते, आणि एका वाक्यात त्यांचं काम होतं.

सगळंच असं सोपं सुटलं नाही. शब्दयोगी अव्ययांनी मला शेवटपर्यंत छळलं. आपला प्रत्यय नामाला मागून चिकटतो आणि एक 'ने' कितीतरी कामं करतो. न्यूमोनियाने ॲडमिट, कॅन्सरने वारले, अँब्युलन्सने आणलं. इंग्रजीत पहिल्याला 'विथ', दुसऱ्याला 'ऑफ', तिसऱ्याला 'बाय'. इथं मराठीवरून उडी मारता येत नाही. मग मी वहीच्या मागच्या पानापासून उलट्या बाजूनं शब्दांची यादी सुरू केली आणि प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यासकट लिहिला. ॲलर्जिक टू. कम्प्लेन ऑफ. डिस्चार्ज्ड ऑन, म्हणजे कुठलं औषध चालू ठेवून घरी सोडलं ते. ऑपरेटेड ऑन. या शेवटच्यानं मला बरंच दमवलं. आपण 'पेशंट वॉज ऑपरेटेड' म्हणतो आणि पुढे जातो, कारण 'पेशंटचं ऑपरेशन झालं' यात काही राहिलेलं नसतं. इंग्रजीत 'ऑन' नसेल तर ते यंत्र चालवल्यासारखं वाचलं जातं. नव्वद-पंचाण्णव जोड्या झाल्या असतील. त्या पाठच केल्या, दुसरा रस्ता नव्हता.

विरामचिन्हांकडे मी सगळ्यांत शेवटी वळले. ती मला शोभेची वाटायची. सर एकदा त्यांच्या आजोबांचा मोडीतला एक कागद घेऊन आले, जमिनीच्या व्यवहाराचा. आधी पानभर आडव्या रेघा ओढलेल्या, मग त्यांना लोंबकळत अक्षरं, हात न उचलता. शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, वाक्य कुठे संपतं त्याची खूण नाही. मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर थॉमस कँडी यांनी, पुण्यात शिक्षण खात्यात आणि कोशाच्या कामात आयुष्य घातलेला इंग्रज माणूस. विरामचिन्हांची परिभाषा हे त्यांचं पुस्तक 1850 चं. म्हणून हिंदीत दंड आहे आणि मराठीत इंग्रजीसारखं टिंब. "तुझा स्वल्पविराम आणि त्यांचा कॉमा एकाच घरचे आहेत," सर म्हणाले, "मग तुझा एवढा का चुकतो?"

त्यांनी माझंच डावं पान मला दाखवलं. 'पेशंटला ताप होता, पॅरासिटामॉल दिलं, उतरला.' मराठीत हे छान आहे. प्रत्येक तुकडा क्रियापदावर येऊन टेकतो, त्यामुळे 'होता', 'दिलं', 'उतरला' हे शब्दच वाक्य मिटवत जातात आणि स्वल्पविरामावर भागतं. मी उजव्या पानावर तेच स्वल्पविराम तसेच नेले होते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला लागूनच येऊन जातं, पुढे शेपूट कितीही लांब असू शकतं, त्यामुळे वाक्य संपल्याचं शब्द सांगत नाहीत. ते टिंबालाच सांगावं लागतं, नाहीतर मध्ये 'अँड' घालावा लागतो. एवढं कळल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत वहीतले 'वि' निम्म्यावर आले.

पण मला पटलं ते दुसऱ्या एका गोष्टीनं. सरांनी विचारलं, "औषधाच्या चिठ्ठीवर पाच मिलिग्रॅम कसं लिहिता?" मी म्हणाले, 5. पुढे टिंब आणि शून्य द्यायचं नाही, कारण 5.0 मधलं टिंब दिसलं नाही तर ते 50 होतं. आणि अर्धा असेल तर टिंबाच्या आधी शून्य हवंच, 0.5, नाहीतर तो पाच वाचला जातो. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी इतकं घोटून घेतात की झोपेत विचारलं तरी सांगेन. सर काही बोलले नाहीत. काकूंनी आणून ठेवलेला चहा गार होत होता आणि मी त्या टिंबाकडे बघत होते. ज्या टिंबाला मी चार्टवर इतकी घाबरते, त्यालाच पत्रात शोभा समजत होते.

अपॉस्ट्रॉफीचं उत्तरही मला मराठीतच मिळालं. 'रुग्णाचे नातेवाईक' आणि 'रुग्णांचे नातेवाईक' यांत फरक फक्त अनुस्वाराचा, एका टिंबाचा. एक रुग्ण की अनेक, ते ते टिंब सांगतं. इंग्रजीत हेच काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते. 'एस'च्या आधी असेल तर एकाचं, नंतर असेल तर अनेकांचं. आणि नुसतं अनेकवचन असेल, कुणाचं काही नसेल, तर तिथं ते चिन्ह हवंच कशाला? आमच्या पाटीवर व्हिजिटरांचं काहीच नव्हतं, नुसते व्हिजिटर होते. मी दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरना सांगितलं आणि पांढऱ्या पट्टीनं ते चिन्ह झाकून टाकलं.

शब्दांचं ओझं मला वेगळ्याच बाजूनं होतं. ग्रीक-लॅटिन शब्द येत होते, ते तुकड्यांत फोडताही येत होते. शेवटी 'आयटिस' असेल तर दाह, 'एक्टमी' असेल तर कापून काढणं. अडायचं ते साध्या शब्दांवर. बोलण्याच्या परीक्षेत समोरचा माणूस पेशंट होऊन बोलतो, आणि पेशंट 'व्हॉमिट' म्हणत नाही, 'थ्रो अप' म्हणतो. 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं. आपल्याकडे कॉलेजातून पास आउट होतात. असे जोडशब्द मला अन्यायाचे वाटायचे, तुकडे समजले तरी अर्थ लागत नाही. सर म्हणाले, "तुझ्या भाषेत 'दुखणं अंगावर काढलं' याचे तुकडे करून बघ. अंगावर म्हणजे कुठे, आणि काढलं म्हणजे काय काढलं?" मी गप्प बसले. माझ्या आजीनं पोटातली गाठ दोन वर्षं अंगावर काढली होती. त्या दोन शब्दांतलं सगळं मला कळतं. सहन करणं, कुणाला न सांगणं, पैशांचा विचार, घरच्यांचा विचार. हे इंग्रजीत मी कसं लिहिलं? 'तिनं दोन वर्षं उपचार घेतले नाहीत', एवढंच. पत्राला तेवढं पुरतं. मला पुरलं नाही, पण डॉक्टरला जे करायचं त्याला ते पुरतं, हे मान्य करायला मला वेळ लागला.

आपल्या हॉस्पिटलातलं इंग्रजी हे आणखी निराळं. आपण म्हणतो, मला बीपी आहे, वडिलांना शुगर आहे. बीपी तर प्रत्येकाला असतंच, जिवंत माणसाला असायलाच हवं. पत्रात 'हाय ब्लड प्रेशर' असं पूर्ण लिहायला पाहिजे. 'लूज मोशन्स' तिकडे कुणी म्हणत नाही, डायरिया म्हणतात. पेशंट 'एक्स्पायर' होत नाही, 'डाइड' म्हणतात, साधं आणि थेट. सुरुवातीला तो शब्द लिहायला मला कठोर वाटायचा. आपण कुणी गेलं तर गेले म्हणतो, वारले म्हणतो, मेले म्हणत नाही. त्यांच्याकडे तो शब्द तसा उद्धट नाही, हे दहा पत्रं वाचल्यावर अंगवळणी पडलं.

असे सात महिने गेले. तीन वह्या भरल्या. शेवटी-शेवटी सर मला मराठी पान लिहू देत नव्हते, म्हणाले आता उजव्याच पानावर विचार कर. मला ते जमलं नाही. आजही कठीण वाक्य आलं की मी मनात आधी डावं पान लिहिते, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

2023 च्या फेब्रुवारीत चारही पेपर पुन्हा दिले. पत्र होतं घरी सोडलेल्या एका पेशंटबद्दल. पहिली पाच मिनिटं मी फक्त एकच प्रश्न विचारत राहिले, हे वाचणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचंय? त्यानं जे लागणार नाही ते आपोआप गळून पडलं. मागच्या वेळी मी लहानपणच्या ऑपरेशनपासून सगळं भरलं होतं. लिहून झाल्यावर सहा मिनिटं उरली. त्यांत मी चार वेळा पत्र वाचलं, एकदा फक्त काळासाठी, एकदा उपपदांसाठी, एकदा शब्दयोगींसाठी, एकदा विरामचिन्हांसाठी. का, उ, श, वि. एक 'द' काढला, दोन टिंबं घातली. लेखनाला 360 आले. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "चाळीस-पन्नास अजून येतील. वह्या टाकू नकोस."

आता मी ब्रॅडफर्डला आहे, उत्तर इंग्लंडमध्ये, मेडिकल वॉर्डला. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी मधुमेहाच्या एका आजींना जेवणाआधीचं इन्शुलिन दिलं होतं आणि मी विचारायला गेले की काही खाल्लं का. त्या म्हणाल्या, "आय हॅव हॅड माय टी, लव्ह." मी घाबरले. नुसता चहा? इन्शुलिन घेऊन? मी स्वयंपाकघराला फोन करायला धावले तेव्हा तिथली हेल्थकेअर असिस्टंट म्हणाली, ताट मीच नेलं, सगळं संपवलंय त्यांनी. इकडे संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात आणि दुपारच्याला 'डिनर'. कुठल्या शब्दकोशात ते असेलही, पण माझ्या वह्यांत नव्हतं. त्या रात्री चौथी वही सुरू केली. दुसऱ्या पानावर 'पूअरली' आहे. गरिबीशी त्याचा काही संबंध नाही, इथली माणसं 'आय फील पूअरली' म्हणतात तेव्हा त्यांना बरं वाटत नसतं.

मागच्या महिन्यात एका आजोबांना घरी सोडायचं होतं. पायाची जखम, रोज ड्रेसिंग लागणार, म्हणून डिस्ट्रिक्ट नर्सला, म्हणजे घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला, पत्र. घरी कोण बघणार, हे त्यात लिहायचं होतं. मी टाइप केलं, 'हिज डॉटर, हू लिव्ह्ज नियरबाय, विल हेल्प हिम.' 'हू लिव्ह्ज नियरबाय'च्या आधी-नंतरचे ते दोन स्वल्पविराम. ते असले की मुलगी एकच, आणि ती जवळ राहते. ते काढले की मुली एकाहून जास्त, आणि त्यांतली जवळ राहणारी. आपण म्हणतो ना, 'त्यांची मुलगी पुण्यात असते' आणि 'त्यांची पुण्यातली मुलगी', तोच फरक. नर्सनं फोन करायचा झाला तर कुणाला?

मला ते माहीत नव्हतं. मी उठले, बेडपाशी गेले आणि आजोबांना विचारलं, तुम्हाला मुली किती.

"थ्री, लव्ह," ते म्हणाले, आणि तिघींची नावं सांगितली, त्यांच्या मुलांची सांगितली, मधली ऑस्ट्रेलियात आहे हे सांगितलं. धाकटी दोन गल्ल्या सोडून राहते. मी सगळं ऐकून घेतलं, परत येऊन बसले आणि दोन्ही स्वल्पविराम काढून टाकले. पुढे धाकटीचं नाव घातलं.